विमानतळाशेजारचे दोन दिवस : उजळाईवाडी, वळिवडे आणि ‘आश्रय’ या शब्दाचा इतिहास

१/ कोल्हापूरच्या विमानतळापासून उत्तरेला अवघ्या चार-पाच किलोमीटरांवर, पंचगंगेच्या काठच्या वळिवडे गावालगत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहत होते. ही हकीकत समाजमाध्यमांवर वरचेवर एका ठरावीक वाक्यासह फिरते : ‘कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाच हजार पोलिश निर्वासितांना आश्रय दिला.’ वाक्य अभिमान वाटावा असे आहे. पण इतिहास म्हणून ते अपुरे आहे. त्याला जोडायचा भाग जरा गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या मते अधिक मोलाचाही. आजचा धागा त्याविषयी. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचा.

२/ निमित्त घडले ते असे. गेल्या हिवाळ्यात प्रबंधाच्या कामासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात गेले होते. शहरात परवडेल अशी खोली मिळेना, म्हणून उजळाईवाडीत महामार्गालगतच्या एका लॉजवर मुक्काम टाकला. पोहोचले शुक्रवारी संध्याकाळी. शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. दोन दिवस रिकामे. खिडकीतून विमानतळाचे कुंपण दिसे, दिवसातून मोजकीच विमाने उतरत. मग ठरवले, की दप्तर मिटलेले असेल तर परिसर वाचावा.

३/ आधी भूगोल ध्यानात घ्या. शहराच्या आग्नेयेला आठ-नऊ किलोमीटरांवर हा विमानतळ. पश्चिमेला पुणे-बेंगळुरू महामार्ग, त्यापलीकडे १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ. दक्षिणेच्या अंगाला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि पुढे कणेरी मठ. धावपट्टीला खेटून तामगाव, नेर्ली, गडमुडशिंगी ही गावे. उत्तरेला गडमुडशिंगी ओलांडली की गांधीनगरची बाजारपेठ, तिला लागून वळिवडे, मग मिरजेकडे जाणारा लोहमार्ग आणि शेवटी पंचगंगा. एवढ्या टापूत विसाव्या शतकातली तीन आगमने सामावली आहेत : विमानांचे, पोलिश निर्वासितांचे आणि सिंधी निर्वासितांचे.

४/ पहिले आगमन विमानांचे. या विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचे नाव आहे. येथे नेहमी गल्लत होते, म्हणून स्पष्ट करते. मराठ्यांच्या इतिहासात तीन राजाराम लक्षात ठेवावे लागतात. पहिले शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, जिंजीचा वेढा झुंजवणारे. त्यांचा मृत्यू १७०० साली. दुसरे कोल्हापूरच्या गादीवरचे तरुण राजाराम, मृत्यू १८७०. तिसरे राजर्षी शाहूंचे पुत्र. कारकीर्द १९२२ ते १९४०. विमानतळाचे राजाराम ते हे तिसरे. शहरातली राजारामपुरीही यांच्याच नावाची.

५/ मधल्या राजारामांना मात्र या धाग्यात थोडी जागा द्यायला हवी. विलायतेचा प्रवास करून ते परत निघाले होते. वाटेत इटलीतील फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन करण्यात आले. परक्या शहराच्या अधिकाऱ्यांनी एका हिंदू राजाच्या अंत्यविधीला नदीकाठ मोकळा करून दिला. १८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. तिची रचना चार्ल्स मँट या वास्तुविशारदाची. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा हेही त्याचेच काम. त्या जागेजवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. परमुलुखात देह ठेवणाऱ्याची खूण जपणे म्हणजे काय, याचे हे एक उदाहरण मनात असू द्या. पुढे त्याची जोडी येणार आहे.

६/ आता तिसरे राजाराम. शाहू महाराजांच्या काळात, १८९१ साली, कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली होती. मुलाच्या कारकिर्दीत पाळी आली विमानांची. उजळाईवाडीच्या माळावर १९३९ साली विमानतळ सुरू झाला. त्या काळी विमान हे थोडक्यांचे वाहन होते. संस्थानाच्या दृष्टीने ते प्रतिष्ठेचे आणि आधुनिकतेचे चिन्ह. पुढील दशकांत येथील सेवा कित्येकदा सुरू झाली, कित्येकदा खंडित झाली. २०१८ पासून ‘उडान’ योजनेखाली ती पुन्हा रुजू लागली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. प्रत्येक विस्तारासाठी जमीन लागते, आणि ती भोवतालच्या गावांच्या शेतांतूनच येते. हेही विमानतळाच्या इतिहासाचे एक पान आहे. उद्घाटनाच्या कोनशिलेवर ते मावत नाही.

७/ विमानतळ सुरू झाला त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून शिरले. पहिली तारीख आपल्याला शाळेपासून पाठ असते, दुसरी बहुधा ठाऊक नसते. वळिवड्याची कथा मात्र या दुसऱ्या तारखेपासून सुरू होते. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाने आपल्यात विलीन केला आणि फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार मोठ्या लाटांत तेथील कुटुंबांना सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलतोडीच्या वसाहतींत हद्दपार केले. माजी सैनिक, वनरक्षक, शिक्षक, शेतकरी, सरकारी नोकर आणि त्यांचे सगळे कुटुंब. मध्यरात्री दारावर थाप पडे, सामान बांधायला थोडा अवधी मिळे, मग मालगाडीचे डबे.

८/ हद्दपार झालेल्यांचा आकडा किती? जुन्या पोलिश अंदाजांत तो दहा लाखांच्याही पुढे जातो. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर केलेल्या मोजणीत या चार लाटांपुरता तो सुमारे ३ लाख २० हजार येतो. दोन आकड्यांत इतके अंतर पाहून घाबरू नका. निर्वासनात लिहिलेला अंदाज आणि हद्दपार करणाऱ्या यंत्रणेची स्वतःची नोंदवही ही दोन वेगळ्या प्रकारची साधने आहेत. दोन्हींना आपापल्या मर्यादा आहेत. आकडा लहान झाला म्हणून यातना लहान होत नाहीत, हे मात्र विसरू नये.

९/ जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांची मुक्तता करायची आणि सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारायचे, असे ठरले. सेनापती नेमले गेले व्वादिस्वाफ आंदेर्स. सुटलेली माणसे या सैन्याच्या दिशेने दक्षिणेकडे निघाली. पुरुष भरतीसाठी; बायका, मुले, म्हातारे त्यांच्या मागोमाग. १९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये अशा दोन खेपांत सुमारे १ लाख १५ हजार माणसे सोव्हिएत संघाबाहेर पडली, बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात. त्यांपैकी सदतीस-अडतीस हजार नागरिक होते. भूक, हगवण आणि विषमज्वर यांनी वाटेत आणि बंदरावर पोहोचल्यावरही कितीएक दगावले.

१०/ एवढ्या माणसांना इराणात कायम ठेवणे शक्य नव्हते. लहान मुलांचा एक गट १९४२ सालीच हिंदुस्थानात आला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांसाठी वसतिस्थान उभारू दिले. येथे राजाचा वैयक्तिक पुढाकार निःसंशय आहे. ते तेव्हा ब्रिटनच्या युद्ध मंत्रिमंडळात संस्थानांचे प्रतिनिधी होते, पोलिश नेत्यांशी त्यांचा परिचय होता, आणि मुलांना त्यांनी आपलेसे मानले. वॉर्सामध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे तो उगाच नव्हे.

११/ समाजमाध्यमांवरची गल्लत येथेच होते. बालाचडीची चौकट उचलून वळिवड्यावर बसवली जाते. आता कालगणना पाहा. विमानतळ बांधणारे राजाराम महाराज २६ नोव्हेंबर १९४० रोजी निवर्तले. वळिवड्याची वसाहत सुरू झाली १९४३ च्या उन्हाळ्यात. त्या वेळी गादीवर होते दत्तक आलेले बालराजे शिवाजी, जन्म १९४१. म्हणजे ‘आश्रयदाते छत्रपती’ त्या वर्षी दुडदुडण्याच्या वयाचे होते. कारभार रीजन्सी मंडळाकडे होता आणि त्याच्या प्रमुख होत्या दिवंगत राजारामांच्या राणी ताराबाईसाहेब. (या ताराबाई विसाव्या शतकातल्या. करवीरची गादी स्थापणाऱ्या महाराणी ताराबाई त्यांच्याआधी दोनशे वर्षांपूर्वीच्या.) आणि अर्थात, संस्थानाच्या डोक्यावर ब्रिटिश रेसिडेंट.

१२/ मग निर्णय कोणाचा? मुख्यतः दिल्लीतील ब्रिटिश हिंदुस्थान सरकार, लंडनमधील पोलिश सरकार आणि मुंबईतील पोलिश महावाणिज्य दूतावास यांचा. जमीन कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीतली. खर्चाचा भार पोलिश सरकारने उचलला. म्हणजे आश्रयामागे एक भलीमोठी यंत्रणा होती : साम्राज्याची युद्धकालीन सोय, निर्वासित सरकारची तिजोरी, संस्थानाची भूमी, आणि बांधकामापासून भाजीपाल्यापर्यंत राबणारे स्थानिक हात. एका मुकुटाच्या नावे सगळे जमा केले, की उरलेले सर्व चित्रातून बाहेर पडतात. माझा आक्षेप एवढाच आहे.

१३/ शनिवारी सकाळी मी उजळाईवाडीहून निघाले. महामार्ग सोडून गडमुडशिंगीच्या वाटेला लागले, की दोन्ही बाजूंना ऊस, अधूनमधून गुऱ्हाळाचा वास, आणि डोक्यावरून उतरणारे एखादे विमान. चहाच्या टपरीवर ‘पोलिश कॅम्प कुठे होता?’ असे विचारले. टपरीवाले दादा म्हणाले, “कॅम्प व्हय? ताई, आख्खं गांधीनगर म्हणजेच कॅम्प की! कुठनं आलायसा?” मला आधी वाटले, त्यांनी प्रश्न नीट ऐकला नाही. नंतर लक्षात आले, की त्यांनी एका वाक्यात संपूर्ण इतिहास सांगून टाकला होता.

१४/ वळिवडेच का? नकाशा पाहिला की उत्तर सुचते. हवा समशीतोष्ण; कराचीच्या वाळवंटी तात्पुरत्या तळांपेक्षा किंवा काठेवाडच्या उन्हापेक्षा पुष्कळ सुसह्य. पंचगंगेचे पाणी हाताशी. समुद्रकिनाऱ्यापासून आणि आघाड्यांपासून दूर. आणि मुख्य म्हणजे कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरच वळिवडे. इराणातून कराची, मग मुंबई, पुण्याहून मीटरगेज गाडी, अशी टप्प्याटप्प्याने माणसे येथवर पोहोचली. शेजारी चार वर्षांपूर्वी सुरू झालेला विमानतळ होता. पण या महायुद्धाने उखडलेली माणसे येथे आली ती शाहूकाळातल्या रेल्वेने. विमान राजेरजवाड्यांचे, आगगाडी सर्वांची, हा त्या काळचा हिशेब होता.

१५/ वसाहत कशी होती? बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलारू छपरे, अशा लांबच लांब बराकी. प्रत्येक बराकीत शेजारी-शेजारी कुटुंबांच्या खोल्या, पुढे ओसरी. रहिवाशांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, काही वृद्ध. धडधाकट पुरुष आंदेर्सच्या सैन्यात, म्हणजे पॅलेस्टाईनमार्गे इटलीच्या आघाडीवर. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, व्यवसायशिक्षण, इस्पितळ, चर्च, नाट्यगृह, ग्रंथालय, बालवीरांची पथके, असे एक लहानसे पोलिश नगरच उसाच्या रानात उभे राहिले. हिंदुस्थानातील पोलिश वसाहतींत हीच सर्वांत मोठी.

१६/ शाळांवर एवढा भर का, याचा विचार करा. या मुलांची दोन-तीन वर्षे सैबेरियात आणि प्रवासात वाया गेली होती. काहींना अक्षरओळखही उरली नव्हती. त्यांच्या शिक्षिकांची स्थिती त्यांच्याहून वेगळी नव्हती. पण परत जायचे आहे, तेव्हा देशाला शिकलेली पिढी लागेल, या विश्वासावर तास भरत होते. निर्वासितांची छावणी म्हटली की आपण अन्न, वस्त्र, निवारा मोजतो. वळिवड्याच्या माणसांनी त्यात वेळापत्रक आणि परीक्षा यांची भर घातली. उद्याचा दिवस ठरलेला असणे, हीदेखील एक मूलभूत गरज असते.

१७/ शेजारसंबंधांचे काय? माजी रहिवाशांच्या आठवणींत पंचगंगेतले पोहणे येते, कोल्हापूरच्या बाजारातल्या फेऱ्या येतात, पावसाळा येतो, साप-विंचू येतात. छावणीत माल विकायला येणारे स्थानिक व्यापारी कामापुरती पोलिश बोलू लागले होते. काही पोलिश तरुणींनी येथेच लग्ने केली आणि त्या येथल्याच होऊन राहिल्या. काहींचा मृत्यू येथे झाला. कोल्हापुरातील दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. फ्लॉरेन्सच्या नदीकाठी कोल्हापूरच्या राजाची छत्री, आणि कोल्हापुरात पोलिश आजीबाईंच्या कबरी. पाचव्या भागात म्हटलेली जोडी ती हीच.

१८/ आणखी एक योगायोग. वळिवड्यात छावणी नांदत असतानाच, त्याच पंचगंगेच्या काठी, शहराच्या पश्चिमेला ब्रह्मपुरीच्या टेकाडात सातवाहनकालीन कोल्हापूर प्रकाशात येत होते. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. ब्रह्मपुरीच्या ब्राँझवस्तूंत पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची एक लहानशी, अतिशय डौलदार मूर्ती आहे. ती आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहता येते. समुद्रापासून घाटमाथ्याने तोडलेल्या या गावात दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य सागराचा देव येऊन राहिला होता. परदेश येथे विमानाने आला, हा समज ती मूर्ती पाहिल्यावर टिकत नाही.

१९/ १९४५ साली युद्ध संपले. वळिवड्यात आनंद झाला असेल, असे आपण सहज गृहीत धरतो. पण याल्टाच्या परिषदेत विजेत्यांनी पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकवली होती. या माणसांची गावे ज्या पूर्व पोलंडात होती, तो प्रदेश आता सोव्हिएत संघाचा झाला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्या सरकारच्या पैशावर छावणी चालत होती ते सरकारच कायद्याच्या दृष्टीने उरले नाही. पुढची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन यंत्रणेकडे गेली. देश स्वतंत्र झाला असे कागदावर म्हटले जात होते, आणि घराचा पत्ता दुसऱ्याच देशात गेला होता.

२०/ थोडे पोलंडला परतले. बहुतेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांची वाट धरली. काहींना आधी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत हलवले गेले. १९४८ मध्ये वळिवड्याची वसाहत मिटली. बराकी रिकाम्या झाल्या. पण फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत.

२१/ तिसरे आगमन. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे विभाजन झाले, सिंधचे झाले नाही. तो प्रांत अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना सरकून जायला स्वतःचा ‘अर्धा प्रांत’ उरला नाही. मुंबई इलाख्यात त्यांची सोय करताना सरकारने युद्धकाळात बांधलेले तळ हाती घेतले. कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, हे सर्वांना माहीत आहे. वळिवड्याच्या पोलिश छावणीचे गांधीनगर झाले, हे कोल्हापूरबाहेर फारसे माहीत नसते. टपरीवाल्या दादांचे ‘आख्खं गांधीनगर म्हणजेच कॅम्प’ हे वाक्य आता पुन्हा वाचा. त्यांच्या लेखी कॅम्प पोलिशांचा की सिंध्यांचा, हा प्रश्नच नव्हता. दोन्ही एकच.

२२/ आज गांधीनगर ही कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. कोल्हापूर-सांगलीपासून कोकण आणि उत्तर कर्नाटकापर्यंतचे दुकानदार येथे माल भरतात. मी एका दुकानात शिरले. गल्ल्यावरच्या वृद्ध काकांना विचारले, “काका, तुमचे घर मूळचे कुठले?” ते म्हणाले, “मूळ सिंधचं. वडील आले तेव्हा इथे बराकी होत्या. माझा जन्म कोल्हापूरचा, बेटा.” मग गिऱ्हाईक आले आणि ते अस्सल कोल्हापुरी मराठीत भावावर भांडू लागले. मुलाखत तेवढ्यावर संपली. मला वाटते, ती पुरेशी होती.

२३/ दोन समूह, एकच छत. दोघांच्याही घरांवरून विजेत्यांनी वा वाटाघाटी करणाऱ्यांनी रेषा ओढली. दोघांनाही परत जाणे अशक्य झाले. फरक एवढा, की एक समूह निघून गेला आणि दुसरा राहिला. स्मृतीचा व्यवहार मात्र उलटा झाला. गेलेल्यांचे स्मारक महावीर उद्यानात आहे, २०१९ साली वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभारला गेला, वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. हे सारे योग्यच आहे. पण राहिलेल्यांचा इतिहास आपण ‘स्वस्त कापड कुठे मिळते’ एवढ्यावर थांबवतो.

२४/ आता थोडे कटू. ‘कोल्हापूरची मातीच पाहुणचाराची’ असेही लिहिले जाते. ज्या १९४८ मध्ये पोलिश निघत होते आणि सिंधी स्थिरावत होते, त्याच वर्षाच्या आरंभी, गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत याच कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्यांची घरे जळाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीत सापडला. दूरच्यांना ओसरी देणारे गाव जवळच्यांना पारखे होऊ शकते. म्हणून मातीला, रक्ताला किंवा गादीला गुण चिकटवू नयेत. आश्रय हा दरवेळी नव्याने करावा लागणारा निर्णय असतो. त्याला जागा, पैसा आणि रोजची मेहनत लागते, आणि तो प्रत्येक वेळी केला जाईलच याची हमी नसते.

२५/ तुमच्यापैकी जे इतिहासाच्या चित्रफिती आणि धागे तयार करतात, त्यांना एक विनंती. असे अभिमानाचे वाक्य पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. त्या तारखेला गादीवर नेमके कोण होते? खर्च कोणी केला? जागा कोणाची होती? आणि पाहुणे गेल्यावर तेथे कोण आले? वळिवड्याच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाने लोकप्रिय वाक्य डळमळते आणि शेवटच्या प्रश्नाने एक नवेच प्रकरण उघडते.

२६/ कोल्हापूरला विमानाने येणार असाल आणि हाताशी अर्धा दिवस असेल, तर हा क्रम करून पाहा : विमानतळाहून गडमुडशिंगीमार्गे गांधीनगर, तेथून वळिवड्याचा स्मृतिस्तंभ, मग नदीकाठ. परतीला वळिवडे स्थानकावरून पॅसेंजर मिळाली तर तिने कोल्हापूर गाठा आणि टाऊन हॉलमध्ये पोसायडनला भेटून या. गांधीनगरात काही विकत घ्या, आणि घेताना दुकानदारांना त्यांच्या आजोबांच्या गावाचे नाव विचारा. शिकारपूर, सख्खर, लारकाना, हैदराबाद. ही नावे तोंडी आहेत तोवरच ऐकता येतील.

२७/ रविवारी संध्याकाळी लॉजच्या गच्चीवरून शेवटचे विमान उतरताना पाहिले. विमानातून ज्या उसाच्या रानावरून आपण उतरतो, तेथे कोणे एके काळी पोलिश मुले पाढे म्हणत होती, हे आता मला विसरता येणार नाही. सोमवारी पुराभिलेखागार उघडले आणि मी माझ्या प्रबंधाच्या दप्तरांकडे वळले. पण वहीच्या मागच्या पानावर एक नवी यादी सुरू झाली आहे, गांधीनगरच्या पहिल्या पिढीच्या आठवणींची.

२८/ तुमच्या घरी कोणी वळिवड्याच्या छावणीत भाजी, दूध, लाकूड पुरवले असेल, कोणी गांधीनगरच्या पहिल्या रहिवाशांपैकी असेल, किंवा विमानतळासाठी कोणाची जमीन गेली असेल, तर ती आठवण खाली जरूर लिहा. वर्ष आठवत नसेल तरी चालेल. कोणाकडून ऐकली ते मात्र लिहा. पुढचा धागा त्या आठवणींवरच करावा असे मनात आहे. धागा संपूर्ण.